माझ्यात किती मावते, ते माझ्यावरच छापले होते

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. मला कोणी डीव्हीडी म्हणतात, कोणी डिस्क म्हणतात. आमच्या डोंगराळ मुलखात नारिनच्या बाजारापासून खिंडीपलीकडच्या तलासच्या खेड्यापर्यंत मात्र माझे एकच नाव झाले आहे, 'ती खराब चकती'. मी खराब नव्हते! माझ्या पाठीवर दोनच गोष्टी छापलेल्या होत्या, त्याही चांगल्या ठसठशीत: माझ्यात किती मावते आणि मला जास्तीत जास्त किती वेगाने लिहावे. चार पूर्णांक सात गिगाबाइट, आणि आठपट. इतक्या वर्षांत माझी पाठ शंभर लोकांनी पुसली, पण वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा पारदर्शक गोल ओतून त्यावर पोटापासून काठापर्यंत गोल गोल जाणारी एकच वाट कोरली होती, इतकी बारीक की डोळ्यांना दिसू नये. त्या वाटेवर जांभळट रंगाचा पातळ थर फिरवला, वर चांदीसारखा लेप दिला आणि पाठीला दुसरा गोल चिकटवला. तो रंग पसरवताना आम्हाला गरागरा फिरवतात. त्यामुळे तो पोटाशी छान एकसारखा बसतो आणि काठाशी जरा डगमगतो. आमच्या कुळात काठ नाजूकच असतो. म्हणून तर कारखान्यातली शहाणी माणसे मर्यादा छापून देतात.

लिहायचे म्हणजे काय, तर किरणाने त्या रंगाला ठिपक्याठिपक्याने भाजायचे. पोटापासून सुरुवात करायची आणि काठाकडे सरकत जायचे. बोर्सोक, म्हणजे पिठाचा फुगीर तुकडा, तळताना तेल फार तापवले की तो वरून काळा आणि आतून कच्चा राहतो, हे नारिनमधल्या नव्या सुनेलाही कळते. माझेही तसेच आहे. सावकाश भाजले तर ठिपका नीट उमटतो, घाई केली तर फिसकटतो. यात न कळण्यासारखे काय आहे, तुम्हीच सांगा.

पन्नास बहिणी एका दांडीवर ओवून आम्ही नारिनच्या बाजारात कुबातच्या दुकानात आलो. कुबात हा मेजवान्यांचे चित्रीकरण करणारा तरुण. हाताने हुशार, पण कानाने आणि डोळ्याने आळशी. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला चोर ठरवले. आमच्यावर चार पूर्णांक सात छापलेले, आणि त्याचा संगणक दाखवायचा चार पूर्णांक अडतीस.

"बघा, बघा! झाकणावर एक आणि पोटात दुसरंच. दुधात पाणी घालणाऱ्यांची जात!" तो शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगत होता.

अरे बाबा, कारखाना हजार-हजाराने मोजतो आणि तुझा संगणक एक हजार चोवीसने! माप दोघांचे वेगळे, जागा तेवढीच. पण चोरीचा आळ आमच्यावर. त्या दिवसापासून कुबातच्या डोक्यात बसले की आमच्यावर छापलेले आकडे खोटे असतात, आणि खरी जागा कुठेतरी लपवून ठेवलेली असते.

आता खरी गोष्ट सांगते. त्या शरद ऋतूत बुरुल नावाच्या मुलीला सासरी पाठवण्याची मेजवानी झाली. बुरुलचे वडील तिच्या लहानपणीच वारलेले. तिची आई बात्मा आपा, आमच्याकडे आईला आपाच म्हणतात, कमी बोलणारी बाई, म्हणून सगळा मान आणि सगळा आवाज मामाकडे, शेरालीकडे. मेजवानीत एकूण त्रेचाळीस पाहुण्यांनी उठून मुलीला शुभेच्छा दिल्या. आमच्याकडे एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला नाही, असे चालत नाही. वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे, मानाप्रमाणे सगळे बोलतात. आणि सगळ्यांचे झाले, मुलगी उंबऱ्याशी आली, की अगदी शेवटी तिची आई कोशोक म्हणते. कोशोक म्हणजे रडत म्हणायचे निरोपाचे गाणे. ते कुठे लिहिलेले नसते. प्रत्येक आई आपल्या लेकीसाठी आपले शब्द जुळवते, आणि ते शब्द त्या एका दाराशी एकदाच म्हटले जातात.

चार दिवसांनी शेराली दुकानात आला. बाहेर त्याच्या शेजाऱ्याची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. बुरुलच्या उरलेल्या रजया घेऊन ती तलासला निघाली होती आणि तबकडी सोबतच जायची होती. वाटेतल्या डोलोन खिंडीवर ढग उतरले होते, म्हणून गाडीला घाई होती.

"बायके, चार तास दहा मिनिटांचं झालंय," कुबात म्हणाला; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'बायके' म्हणतात. ""एकीत नीट बसतात दोन-सव्वादोन तास. मी दोन तबकड्या करतो."

मित्रांनो, त्या पोराच्या तोंडून त्या दिवशी निघालेले शहाणपणाचे वाक्य एवढेच.

"दोन?" शेराली म्हणाला. "आणि दुसरीवर कोणाला टाकू?"

"जे नंतर बोलले त्यांना."

"वा! म्हणजे पहिलीवरचे मानाच्या जागी बसले आणि दुसरीवरच्यांना दाराशी, चपलांपाशी बसवलं. अरे, माझा चुलत सासरा आयुष्यभर तोंड बघणार नाही माझं! मेजवानी एक होती ना? मग तबकडी एक."

"मग थोडं कापू का? ते आजोबा घोड्यावर अकरा मिनिटं बोललेत. बुरुलचं नाव एकदाच घेतलंय, तेही चुकीचं."

"तो घोडा त्यांनी आहेर म्हणून आणला होता! एक अक्षर कापलंस तर बघ."

"बरं, मग शेवटचा कोशोक तेवढा वेगळ्या..."

"मुलीच्या आईला वेगळं काढणार? शाबास रे पठ्ठ्या! तलासचे लोक काय म्हणतील, आई जिवंत असून घराबाहेर ठेवली?" बाहेर गाडीचा भोंगा वाजला. "कोंब रे एकीतच. सगळ्यांकडे मावतं, तुझ्याकडेच का मावत नाही?"

कोंब! माणसे पोत्यात बटाटे कोंबतात, तसे हे माझ्यात नातेवाईक कोंबायला निघाले. कुबातने चित्र इतके दाबले की पाहुण्यांच्या नाकाडोळ्यांचा लगदा झाला. तरी थोडे उरलेच. मग त्याने जिथे लिहायचे नसते, त्या अगदी कडेपर्यंत ते ढकलले. आणि वर वेग सोळापट! माझ्यावर आठपट छापलेले होते. पण यंत्राला चकवून जास्त वेग घ्यायला लावणारी कसलीशी युक्ती त्याला एका मित्राने शिकवली होती, आणि ती शिकल्यापासून त्याला फार चढली होती.

एक गोष्ट तुम्ही नीट ऐका. सोळाचा वेग म्हणजे सुरुवातीपासून सोळा नसतो. पोटाशी यंत्र सहाच्या आसपास धावते आणि वाढत वाढत सोळा गाठते ते अगदी काठाला. म्हणजे जिथे माझे अंग सगळ्यात नाजूक, तिथेच सगळ्यात जास्त घाई. आणि काठाला काय होते? त्रेचाळीस जणांची भाषणे पोटात सुखाने बसली होती. काठाला होती एकटी बात्मा आपा.

मी थरथरले, घरघरले, यंत्राच्या तबकात अंग आपटले. कुबातला वाटले पंख्यात धूळ गेली. त्याने यंत्राला वरून एक चापट मारली आणि सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. आठपट वेगाने लिहायला साडेआठ मिनिटे लागली असती. त्याला सहा लागली. अडीच मिनिटे वाचवली, मित्रांनो! त्या अडीच मिनिटांत त्याने काय केले? बियांची टरफले झाडली. लावून पाहिलेसुद्धा नाही. माझ्यामागून माझ्या दोन बहिणींनाही त्याच आगीतून काढले आणि एक मामाला, एक आईला, मी गाडीत. शनिवारी दुसरी मेजवानी होती, म्हणून कॅमेऱ्यातली फीत पुसली आणि संगणकातलेही काढून टाकले.

तलासला माझे स्वागत थाटात झाले. बुरुलच्या सासरचे सगळे गोतावळ्यासकट जमले, चहा आला, ताटे आली. एकेक पाहुणा उठून बोलू लागला आणि लोक हसू लागले. "हा बघ, हा कसा घाबरलाय!" घोड्याच्या भाषणाला तर म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बुरुल मात्र हातात पेला धरून शेवटाची वाट पाहत होती. शेवटचा पाहुणा बसला. चित्र एकदम चौकोनाचौकोनांत फुटले, कर्र असा आवाज झाला, आणि पडदा निळा.

"पूस गं तिला," सासू म्हणाली.

पुसले. पुन्हा तिथेच अडले. मग माझे हाल सुरू झाले. कोणी झग्याच्या टोकाने गोल गोल घासले, कोणी दातांची पेस्ट लावली. दीराने तर कुठेसे ऐकून मला मांसाच्या शेजारी बर्फात ठेवले. प्रत्येक ओरखड्यागणिक मी ओरडत होते की दुखणे पृष्ठभागावर नाही, आत भाजले आहे! पण तबकडीचे कोण ऐकतो?

बुरुलने कुबातला फोन लावला. मी टेबलावरच होते, त्याचे ते गोड 'एजे', म्हणजे ताई, सगळे ऐकले.

"तबकडीच खराब निघाली असणार, एजे. आजकाल मालच असा येतो. मी काय करू?"

असे खापर माझ्या डोक्यावर फुटले. आणि मामा? त्याने आपल्या वाट्याला आलेली माझी बहीण स्वतःच्या भाषणापर्यंत पाहिली, समाधानाने बंद केली आणि गाडीच्या आरशाला चकाकायला टांगून ठेवली. तो शेवटपर्यंत गेलाच नाही.

मग बुरुलने आईला फोन केला. "आपा, तुझा कोशोक दिसतच नाही गं."

"जाऊ दे. मी काही मोठी गाणारी नाही," बात्मा आपा म्हणाली.

"उन्हाळ्यात येईन तेव्हा म्हणून दाखव."

"वेडी का काय? हसत्या घरात कोशोक म्हणतात का कोणी?"

ते खरेच होते. कोशोक निरोपाला म्हणतात नाहीतर मरणाला. घर सुखात असताना तो तोंडाबाहेर काढणे म्हणजे दुःखाला हाक मारणे. बुरुल दर उन्हाळ्यात माहेरी गेली, दर उन्हाळ्यात आईने तिला साय आणि जर्दाळूचा मुरंबा भरवला, आणि ते गाणे पुन्हा कधी म्हटले नाही. बुरुल मला मात्र दर वर्षी एकदा यंत्रात घालायची. त्रेचाळीस भाषणे, मग चौकोन, मग निळा पडदा. मुले कंटाळून उठून जायची. पुढे पुढे घरातले यंत्रच बिघडले आणि मी कपाटात चहाच्या डब्याखाली जाऊन पडले.

तेराव्या हिवाळ्यात बात्मा आपा वारली. अंगणात शोकाचा तंबू उभारला. आमच्याकडे अशा वेळी मुलीने भिंतीकडे तोंड करून बसावे आणि आईसाठी कोशोक म्हणावा. बाहेरून माणसे आली की आतून तिचा आवाज ऐकू आला पाहिजे. बुरुल बसली, तोंड उघडले, आणि शब्दच फुटेना. नुसती रडत राहिली. तीन दिवस तंबूतून गाणे आले नाही. जाताना एक शेजारीण म्हणाली, "एकुलती एक लेक, आणि आईला मुक्यानंच पाठवलं." बुरुलने ते ऐकले. सासरी परत आल्यावर चहाचा डबा उचलून तिने मला बाहेर काढले आणि मला म्हणाली, "तुझ्यात आहे ना ती?"

होती. पण कशी सांगू?

वर्षश्राद्ध जवळ आले. त्या दिवशी शोक संपतो आणि कोशोक शेवटचा म्हटला जातो. त्यानंतर मुलीला तशी संधी नाही. बुरुल आठवडाभर आधीच मला शालीत गुंडाळून नारिनला आली. आईच्या रजयांच्या थरात ठेवलेली माझी दुसरी बहीण तिने शोधून काढली, कारण आईकडे यंत्र नसल्याने ती कधी लावलीच गेली नव्हती. तीही तिथेच अडली. मग ती कुबातकडे गेली. तो आता फोन विकत होता, अंगाने सुटला होता.

"एजे, ती खराब चकती अजून जपून ठेवलीस? फेक ना!" तो हसत म्हणाला.

फेक म्हणे! मी त्याच्या काउंटरवर होते आणि त्याला माझ्यावरचे आठपट अजूनही दिसले नाही.

शेवटी कोणीतरी साल्किन एजेचे नाव सांगितले. या बाईंनी रेडिओवर तीस वर्षे आवाज जुळवायचे काम केले होते आणि आता त्या घरी बसून लोकांच्या जुन्या फिती दुरुस्त करत. त्यांनी चष्मा चढवला, मला कडेने धरले, आधी पाठ वाचली आणि मग उजेडात तिरकी करून माझा काठ पाहिला.

"आठपटीची तबकडी आहे ही. आणि काठ बघ कसा करपलाय. कोणी केलं हे?"

"खराब निघाली म्हणे," बुरुल म्हणाली.

"खराब कसली! लिहिणाऱ्याला घाई होती." मित्रांनो, तेरा वर्षांनी कोणीतरी माझ्या बाजूने बोलले. मला रडता येत असते तर मी त्यांच्या हातावरच रडले असते.

साल्किन एजेंनी मला मऊ फडक्याने पोटाकडून काठाकडे सरळ पुसले, गोल नाही. कपाटातले एक जुने यंत्र काढले, त्याचा वेग होईल तेवढा कमी केला, आणि एकेक ठिपका पुन्हा पुन्हा वाचायला लावला. नाही वाचता आला तर परत, परत, परत. तीन दिवस गेले. बुरुल रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायची. पहिल्या दोन दिवसांत त्रेचाळीस भाषणे अक्षरन् अक्षर बाहेर आली. घोड्याचे खूर, दात, आयाळ, सगळे शाबूत! माझा इतका संताप झाला की काय सांगू. जे कोणाला पुन्हा ऐकायचे नव्हते, ते सगळे माझ्या पोटात जपून राहिले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र त्या अडणाऱ्या जागेच्या पुढे सरकले. तेवीस सेकंद. तेवढेच मिळाले.

पांढरा रुमाल बांधलेली बात्मा आपा कॅमेऱ्याजवळ आली. मुलीकडे नाही, आधी कुबातकडे. रुमालाचे टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "बाळा, एवढे सगळे बोललेत. माझं थोडंसंच आहे. मावेल ना?"

आणि कॅमेऱ्यामागून कुबातचा तरुण आवाज आला, "मावेल, आपा, मावेल. तुम्ही म्हणा."

मग ती लेकीकडे वळली आणि तिने एक ओळ म्हटली: "वारा सुटला की पाठ डोंगराला लाव, बाळे, डोंगर म्हणजे मीच समज..." पुढे चौकोन.

मग साल्किन एजेंनी विचारले, "पुन्हा लावू?"

"लावा," बुरुल म्हणाली. सहा वेळा लावले. सहाही वेळा आई विचारत होती आणि सहाही वेळा तो मावेल म्हणत होता. कोणाच्या जिवावर म्हणत होता? माझ्या! माझ्या नावाने एका आईला शब्द दिला गेला आणि मला विचारलेही नाही. ती बिचारी विश्वासाने गायली.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी शेराली मामा अंगणात कागद घेऊन बसला होता. कोण कोणानंतर बोलणार याची यादी चालू होती, एकतीस नावे झाली होती. बुरुलने फोन त्याच्यासमोर धरला. त्यात साल्किन एजेंनी ते तेवीस सेकंद घालून दिले होते. त्याने बहिणीचा चेहरा पाहिला, प्रश्न ऐकला. फोन बंद झाल्यावरही तो तसाच पाहत राहिला.

"ताइके," बुरुल मामाला म्हणाली, "उद्या आपाचं आधी."

त्याने यादीवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, आईचं सगळ्यांत शेवटी म्हणजे सगळ्यांत मोठा मान."

"तिनं मान मागितला नव्हता. जागा मागितली होती."

त्याने यादी घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ताटे यायच्या आधी, कोणी बोलायला उठायच्या आधी, बुरुल भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिच्या झग्याच्या खिशात होते. तिने आईची ओळ म्हटली. पुढची ओळ नव्हती, म्हणून तीच पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली आणि मग तिचे स्वतःचे शब्द आले, अडखळत, फुटक्या आवाजात, पण आले. बाहेर घोड्यांवरून उतरणारी माणसे जागच्या जागी थांबली. शेराली मामा त्या दिवशी बोलायला उठलाच नाही.

पण माझा राग गेला असे समजू नका. एक ओळ हाती लागली, बाकीचे गाणे माझ्या काठावर करपून पडले आहे. ते माझ्यात आहे आणि मला ते कोणाला देता येत नाही. किती ओळी होत्या, आई कुठे हसली, कुठे थांबली, हे आता जगात कोणालाही कळणार नाही.

मित्रांनो, आता तबकड्या कोणी वापरत नाही. तुमच्याकडे दुसरी साधने आली, त्यांनाही पोट आहे, त्यांनाही वेग आहे, आणि त्यांनाही तोंड नाही. त्यांची मर्यादा त्यांनी सांगितली की ती खरी माना. दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवून कोणाला शब्द देऊ नका. आणि चार माणसे जमली, की ज्याचे थोडेसेच आहे, त्याला आधी बोलू द्या.